घामावाटे किती पोटॅशियम जातं? उसाचा फड, भरतीचं मैदान आणि उन्हाळ्याचा खरा हिशोब

बीड : उन्हाचा चटका वाढला की जिल्ह्यात दोन गोष्टी हमखास दिसतात. रस्त्याकडेला शहाळ्यांच्या गाड्या लागतात आणि मोबाईलवर ‘घामातून पोटॅशियम जातं, केळी खा, नारळपाणी प्या’ असे व्हिडिओ फिरू लागतात. पायात गोळा आला, पोटॅशियम कमी. चक्कर आली, पोटॅशियम कमी. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या तोंडी तर हा शब्द आता पाणी या शब्दाइतकाच रुळला आहे.

यात खोटं काही नाही, पण पूर्ण खरंही नाही. घामातून पोटॅशियम जातं, हे बरोबर. मात्र किती जातं, कुणाचं कमी होतं, कुणाला ते वाढण्याचा धोका आहे आणि उन्हात माणूस नेमका कशाने दगावतो, या चार प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत. ती एकमेकांत मिसळली की चुकीचा उपाय होतो आणि खरी जबाबदारी ज्यांची आहे ते सुटतात. म्हणून हा हिशोब एकदा नीट मांडायला हवा.

एक लिटर घामात काय असतं?

कडक उन्हात कष्टाचं काम करणाऱ्या माणसाला तासाला साधारण एक लिटर घाम येतो. माणसानुसार, कामानुसार हे कमी-जास्त होतं. या एक लिटर घामात पोटॅशियम असतं साधारण २०० मिलिग्रॅम. सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य भाग, असतो त्याच्या चार-पाच पट, साधारण ९०० मिलिग्रॅम. मिठाच्या भाषेत सांगायचं तर लिटरमागे सव्वादोन ग्रॅमच्या आसपास मीठ अंगातून बाहेर पडतं. म्हणून तर घामाने भिजलेला सदरा वाळला की त्यावर पांढरे डाग उमटतात. तो मिठाचा थर असतो.

आता एखाद्या मजुराचा दिवसभरात सहा लिटर घाम गेला असं धरू. मीठ जाईल तेरा-चौदा ग्रॅम. पोटॅशियम जाईल साधारण १,२०० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला ३,५०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम पोटात जायला हवं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारसही तेवढीच आहे. म्हणजे दिवसाच्या गरजेचा एक तृतीयांश भाग घामावाटे गेला.

आकडा लहान नाही. पण शरीरात एकूण पोटॅशियम सव्वाशे-दीडशे ग्रॅम असतं आणि त्यातलं ९८ टक्के स्नायूंच्या आणि इतर पेशींच्या आत असतं. रक्तात आणि पेशींबाहेर जेमतेम दोन टक्के. त्यामुळे एका दिवसाच्या घामाने हा साठा रिकामा होत नाही. पहिल्या दिवशी खरी ओढ लागते ती पाण्याची आणि मिठाची.

पळताना रक्तातलं पोटॅशियम कमी होत नाही, वाढतं

भरतीच्या पोरांनी ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. स्नायू जोरात काम करतात तेव्हा पेशीच्या आतलं पोटॅशियम बाहेर पडून रक्तात येतं. म्हणजे १६०० मीटर धावताना शेवटच्या फेरीत पिंडरीत गोळा आला, त्या क्षणी रक्तातलं पोटॅशियम बहुधा नेहमीपेक्षा जास्तच असतं. थांबल्यावर काही मिनिटांत ते झपाट्याने परत पेशींत जातं.

मग गोळा का येतो? थकलेला स्नायू, सराव नसताना एकदम वाढवलेला वेग आणि बराच घाम गेल्यावर मिठाची कमतरता, ही त्याची जास्त संभवणारी कारणं आहेत. स्नायू हळू ताणून धरला की गोळा सुटतो, हा अनुभव प्रत्येक खेळाडूला आहे. तेवढ्या दोन मिनिटांत केळ्यातलं पोटॅशियम रक्तात पोचलेलं नसतं. केळं खाऊ नका असं नाही. एका केळ्यातून साडेतीनशे मिलिग्रॅम पोटॅशियम आणि पळायला लागणारी साखर मिळते, खाणं चांगलंच आहे. पण गोळ्यावरचा इलाज म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

मग पोटॅशियम खरंच कमी कुणाचं होतं?

रोजच्या रोज, आठवडेच्या आठवडे घाम गाळणाऱ्याचं. आणि तेवढं पोटात न जाणाऱ्याचं.

१९७२ मध्ये अमेरिकेत जेम्स नोकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. कडक उन्हाळ्यात लष्करी प्रशिक्षण घेणाऱ्या तरुणांच्या शरीरातलं एकूण पोटॅशियम त्यांनी मोजलं. प्रशिक्षणाच्या सुरुवातीच्या दिवसांत ते बरंच घटलेलं आढळलं. कारण असं की, मीठ आणि पाणी कमी पडायला लागलं की शरीर अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक सोडतं. ते मीठ धरून ठेवतं, पण त्याच्या बदल्यात लघवीवाटे पोटॅशियम जाऊ देतं. म्हणजे घामावाटे गेलं ते गेलंच, वर मूत्रपिंडातूनही गळती सुरू राहते.

पुढे १९८२ मध्ये डेव्हिड कॉस्टिल यांच्या गटाने सलग काही दिवस उष्णतेत व्यायाम करणाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात वेगळं चित्र दिसलं. आहारात पोटॅशियम कमी ठेवूनही त्या अवधीत स्नायूंतला साठा फारसा हलला नाही.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर सामान्य माणसासाठी अर्थ सोपा निघतो. दोन-चार दिवसांचा घाम धडधाकट, नीट जेवणारं शरीर पचवतं. पण खूप दिवस, खूप घाम, पाणी-मीठ अपुरं आणि ताट रिकामं, असं सगळं एकत्र आलं तर खोट भरून निघत नाही. त्यात जुलाब-उलट्या लागल्या किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पोटॅशियम वेगाने खाली येतं.

रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर असावं लागतं. खाली आलं की अंगात त्राण राहत नाही, पाय जड होतात, बद्धकोष्ठता होते, छातीत धडधडतं. फारच खाली गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. मात्र ही लक्षणं दुसऱ्या पन्नास आजारांतही दिसतात. रक्त तपासल्याशिवाय ‘पोटॅशियम कमी झालंय’ असं कुणीही सांगू शकत नाही. गल्लीतला जिमवालाही नाही आणि व्हिडिओतला माणूसही नाही.

ताटातला बदल

आता आपल्या ताटाकडे बघू. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण ३३० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, बाजरीत आणि गव्हात साडेतीनशेच्या पुढे. पांढऱ्या तांदळात मात्र शंभरच्या आसपास. तुरीच्या, हरभऱ्याच्या, मटकीच्या डाळी-कडधान्यांत ९०० ते १,२०० आणि त्याहूनही जास्त. मूठभर शेंगदाण्यांतून दोनशे मिळतं. मध्यम आकाराच्या उकडलेल्या बटाट्यातून पाचशेच्या वर. पालेभाज्यांत भरपूर असतं, पण भाजी उकडून तिचं पाणी ओतून दिलं की बरंचसं त्या पाण्याबरोबर जातं.

हिशोब करून पाहा. दिवसाला चार भाकरी, दोन वाट्या वरण, एक वाटी पालेभाजी, कांदा आणि मूठभर शेंगदाणे, एवढं पोटात गेलं तर अडीच हजार मिलिग्रॅमपर्यंत सहज पोचता येतं. वर ताक, एखादं केळं किंवा बटाटा आला की गरज बहुतांशी भागते. हे आपल्या आजीचंच जेवण आहे, त्यात नवं काही नाही.

अडचण अशी की, ज्याला सर्वात जास्त घाम येतो त्याच्या ताटात हे नसतं. ऊसतोडीच्या कोप्यांवर पहाटे तीन-चार वाजता उठून भाकरी थापल्या जातात, सोबत ठेचा किंवा पातळ कालवण. वरण घट्ट असेल तर तो चांगला दिवस. रेशनवर मिळणाऱ्या तांदळाने पोट भरतं, पण पोटॅशियमच्या बाबतीत तांदूळ ज्वारीच्या एक तृतीयांशच. डाळ महाग, भाजी फडाजवळ मिळत नाही, दूध-ताक विकत घ्यावं लागतं. शहाळ्याला पन्नास-साठ रुपये लागतात आणि त्यातून पोटॅशियम मिळतं चार-पाचशे मिलिग्रॅम. जवळपास तेवढंच एका घट्ट वरणाच्या वाटीत आणि मूठभर शेंगदाण्यांत मिळतं. शहाळ्यात मीठ मात्र फार कमी, म्हणजे घामाने जे सर्वात जास्त गेलं तेच त्यातून नीट भरून येत नाही.

म्हणून मजुराला ‘नारळपाणी प्या’ सांगणं हा सल्ला कमी आणि चेष्टा जास्त आहे.

फडातलं गणित : विश्रांती घेतली की पैसे कापले

आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, गेवराई या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीनंतर गावंच्या गावं रिकामी होतात. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे कोयते निघतात. हंगामाची सुरुवात थंडीत होते, पण शेवटचे दोन महिने, फेब्रुवारी-मार्च, उन्हातच जातात. कधी एप्रिलही उजाडतो. उसाच्या फडात वारा शिरत नाही, पाचट अंगाला घासतं म्हणून लांब बाह्यांचा सदरा घालावा लागतो. घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळणारा घाम अंग थंड करत नाही.

या कामाचा मोबदला टनावर आहे. उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस बसलं की खाडा आणि त्याचे पैसे कोयत्याच्या नावावर चढतात. मग दुपारी बारा ते चार सावलीत बसा, असं कुणी सांगितलं तरी बसणार कोण? बसण्याचे पैसे मुकादम देत नाही आणि कारखानाही देत नाही.

बायकांचं दुखणं याहून वेगळं आहे. फडात आडोसा नसतो, शौचालय नसतं. म्हणून अनेक जणी दिवसभर पाणीच कमी पितात. घाम सहा लिटर आणि पोटात पाणी दोन लिटर, हा हिशोब कुठल्याही केळ्याने जुळत नाही. लघवीची जळजळ, मूत्रमार्गाचा संसर्ग, सतत थकवा, हे सगळं त्याच वाटेने येतं.

जगात हे आधी घडून गेलं आहे. निकाराग्वा आणि एल साल्वाडोर या मध्य अमेरिकेतल्या देशांत उसाच्या फडात राबणारे हजारो तरुण मजूर मूत्रपिंड निकामी होऊन मेले. त्यांना ना मधुमेह होता, ना रक्तदाब. वर्षानुवर्षं उष्णतेत अति कष्ट आणि पुन्हा पुन्हा पाणी कमी पडणं, हे त्यामागचं एक मोठं कारण असल्याचं अभ्यासकांचं मत आहे. त्यानंतर तिथल्या काही कारखान्यांनी पाणी, विश्रांती आणि सावली यांचं वेळापत्रक कामातच बसवलं. हलवता येणारा मंडप, ठरावीक वेळाने सक्तीची विश्रांती, फडावर पाण्याची सोय. इथे लक्षात घ्यायची गोष्ट एवढीच की, त्यांनी मजुराला सल्ला दिला नाही, कामाची पद्धत बदलली.

आपल्याकडे गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, साखर आयुक्तालय आहे, कारखान्यांच्या वार्षिक सभा होतात. यातल्या किती ठिकाणी फडावरच्या पाण्याच्या टाकीचा आणि सावलीचा विषय अजेंड्यावर येतो, हे प्रत्येक सभासदाने विचारायला हरकत नाही. रोजगार हमीच्या कामावर पिण्याचं पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी द्यावी, हे २००५ च्या कायद्याच्या अनुसूचीतच लिहिलं गेलं. खासगी फडावर राबणाऱ्या माणसाचा घाम काही वेगळा नसतो.

भरतीचं मैदान आणि तालीम

दुसरा मोठा वर्ग भरतीच्या पोरापोरींचा. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. राज्य राखीव दलाला पाच किलोमीटर. तालुक्याच्या गावात खोली करून राहणारी, मेसचा डबा खाणारी ही पोरं पहाटे सराव करतात, तोवर ठीक. पण प्रत्यक्ष चाचणीचा नंबर दुपारी लागला तर? रात्रभर बसस्टँडवर झोप नाही, पोटात चहा-बिस्कीट आणि त्यावर जीव तोडून धावणं.

झारखंडमध्ये २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीत दहा किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान डझनभर उमेदवारांचा मृत्यू झाला. सरकारला चाचणी थांबवावी लागली आणि पुढे नियमांचा फेरविचार करावा लागला. आपल्याकडे भरतीचं अंतर कमी आहे, पण ऊन तेच आहे आणि बेरोजगारीचा रेटाही तोच आहे.

तालमीत आणखी एक गोष्ट चालते, तिच्याकडे दुर्लक्ष नको. वजनगटात बसण्यासाठी काही मल्ल पाणी तोडतात, जाड कपडे घालून उन्हात पळतात, काही जण लघवी वाढवणारी गोळी घेतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली विनेश फोगाटचं पदक शंभर ग्रॅमने गेलं, ते सगळ्या देशाने पाहिलं. वजन उतरवण्याचा हा जीवघेणा खेळ तेव्हा घराघरांत कळला. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अवघ्या महिन्याभरात तीन कॉलेज कुस्तीगीर अशाच प्रकारे घाम काढून वजन उतरवताना मरण पावले होते. त्यानंतर तिथले नियम बदलले. लघवी वाढवणारी औषधं जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहेत. घामाने मीठ, गोळीने पोटॅशियम आणि दोन्हींनी पाणी, असं तिन्ही एकदम काढून घेतलं तर हृदय कधी दगा देईल सांगता येत नाही. वस्तादांनी हे पोरांना स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

वाढलेलं पोटॅशियम जास्त घातक

आता नाण्याची दुसरी बाजू, जी व्हिडिओत कुणी सांगत नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. अशा माणसाने उन्हाळा आहे म्हणून रोज दोन शहाळी प्यायली, वर केळी खाल्ली, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. आधी सूचना मिळेलच असं नाही.

गावागावांत आता रक्तदाबाची गोळी घेणारे आहेत. त्यातल्या काही गोळ्या, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन, पोटॅशियम वाढवू शकतात. काही गोळ्या, जसं की हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइड, लघवीवाटे पोटॅशियम कमी करतात. बऱ्याच जणांच्या एकाच गोळीत दोन औषधं असतात. त्यामुळे शेजाऱ्याला नारळपाण्याने बरं वाटलं म्हणून आपणही घ्यावं, हे या बाबतीत चालत नाही. गोळ्यांचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ‘उन्हाळ्यात मीठ, नारळपाणी किती चालेल?’ एवढं एकदा विचारून या. स्वतःच्या मनाने गोळी बंदही करू नका.

बाजारात मिळणाऱ्या ‘कमी सोडियम’च्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये.

ओआरएस कोणतं आणि कसं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने आदेश काढला की, जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरता येणार नाही. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यासाठी अनेक वर्षं लढा दिला होता. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या त्या रंगीत डब्यांत साखर जास्त आणि क्षार कमी असायचे. आदेश निघाला, पण तालुक्याच्या आणि वाडी-वस्तीच्या दुकानांतला माल बघायची जबाबदारी अन्न व औषध प्रशासनाची आहे. गिऱ्हाईकानेही पाकिटावर बघून घ्यावं.

खऱ्या ओआरएसचं प्रमाण लिटरमागे असं आहे : मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम. म्हणजे एक लिटरमध्ये पोटॅशियम साधारण ७८० मिलिग्रॅम आणि सोबत पुरेसं मीठही. हे पाकीट आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायचं. एका ग्लासात अख्खं पाकीट ओतून प्यायलं तर क्षार गरजेपेक्षा कितीतरी जास्त होतात, आणि लहान लेकरांना तर ते धोक्याचंच.

पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. यात पोटॅशियम नसतं, ते जेवणातून येऊ द्या. रोजच्या कामासाठी मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं, लिंबू-मीठ-गुळाचं पाणी, सोबत भाकरी-डाळ-भाजी, एवढं पुरतं. नुसतं साधं पाणी तासातासाला ढोसत राहिलं आणि मीठ गेलंच नाही, तर रक्तातलं सोडियम उतरून डोकं दुखणं, मळमळ, भ्रम असे प्रकार होतात. पाणी आणि मीठ जोडीने हवं.

माणूस दगावतो तो उष्माघाताने

शेवटी सर्वात महत्त्वाचं. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात बसलेल्या १४ जणांचा जीव गेला. ती माणसं धावत नव्हती, ऊस तोडत नव्हती, नुसती बसली होती. त्यानंतर दुपारी १२ ते ५ मध्ये उघड्यावर कार्यक्रम नको, असं सरकारने सांगितलं. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी जमावबंदीचं कलम लावून कामाच्या वेळांवर आणि सावली-पाण्याच्या सोयीवर आदेश काढले. म्हणजे मनात आणलं तर प्रशासन हे करू शकतं.

उष्माघातात अंगाचा ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो, माणूस बरळतो, तोल जातो, बेशुद्ध होतो. तेव्हा केळं, नारळपाणी, ओआरएस काहीच तोंडात घालू नका, ठसका लागेल. आधी सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा आणि १०८ ला फोन लावा. गाडी येईपर्यंत अंग थंड करत राहणं हाच इलाज. ‘सलाईन लावू’ म्हणून खासगी गाडीत कोंबून तासभर फिरण्यात जीव जातो.

नव्याने उन्हात उतरणाऱ्याला शरीर रुळायला एक ते दोन आठवडे लागतात. पहिले तीन-चार दिवस सर्वात धोक्याचे. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेचा साधा नियम आहे : नव्या माणसाला पहिल्या दिवशी कामाचा पाचवा हिस्साच द्यायचा आणि मग रोज तेवढाच वाढवत न्यायचा. आपल्याकडे नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याची ताकद आजमावली जाते.

करायला काय हवं?

मागण्या मोठ्या नाहीत. भरतीच्या धावण्याच्या चाचण्या सकाळी दहाच्या आत संपवाव्यात, मैदानावर पाणी, ओआरएस, बर्फ आणि रुग्णवाहिका असावी. कारखान्यांनी प्रत्येक टोळीमागे पाण्याची टाकी, सावलीचा कापडी मंडप आणि बायकांसाठी फिरतं शौचालय द्यावं. दुपारच्या विश्रांतीचा खाडा धरू नये, हे मुकादमाच्या करारात लिहून यावं. ग्रामपंचायतींनी रोजगार हमीच्या कामाच्या वेळा पहाटे-संध्याकाळी ठेवाव्यात. परतलेल्या ऊसतोड कुटुंबांची मूत्रपिंड आणि क्षारांची तपासणी ग्रामीण रुग्णालयांतून, अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मदतीने, शिबिरं लावून व्हावी. आणि रेशनवर डाळ आणि ज्वारी नियमित मिळावी, कारण घामातून गेलेलं पोटॅशियम परत आणणारी सगळ्यात स्वस्त वस्तू तीच आहे.

घरातल्या माणसांनी करायचं तेही थोडंच आहे. उन्हात जाणाऱ्याच्या डब्यात भाकरीबरोबर घट्ट वरण किंवा उसळ, कांदा, शेंगदाण्याची चटणी द्या. ताकात मीठ घाला. लघवी पिवळीधमक होत असेल तर पाणी कमी पडतंय, एवढं ओळखा. रक्तदाबाची किंवा मूत्रपिंडाची औषधं चालू असलेल्यांनी विचारूनच प्या आणि खा.

बाकी मे अजून यायचा आहे. मे महिन्याच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचा असेल, तर सूचना आत्ताच ग्रामसेवकाकडे लेखी द्यावी लागेल.